एक्झीत बांधलेल्या फाइली प्रोग्रॅमला सापडाव्यात म्हणून

पायथॉनची एखादी स्क्रिप्ट आपल्या संगणकावर कित्येक महिने बिनतक्रार चालत असते. तिला लागणारा लोगो, फॉन्ट, एचटीएमएलचा साचा आणि सेटिंग्जची जेसन फाइल शेजारच्याच ‘ॲसेट्स’ फोल्डरमध्ये असते, त्यामुळे कोडमध्ये ‘ॲसेट्स/लोगो.पीएनजी’ एवढा मार्ग लिहिला की काम भागते. मग ज्यांच्याकडे पायथॉन नाही अशा लोकांना ती स्क्रिप्ट द्यायची वेळ येते. आपण पायइन्स्टॉलर हे साधन चालवून तिची एक्झी, म्हणजे पायथॉन नसतानाही चालणारी प्रोग्रॅमची फाइल, तयार करतो, ती दुसऱ्या संगणकावर उघडतो आणि पहिल्याच क्षणी फाइल सापडत नसल्याची त्रुटी समोर येते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला तर्क असतो की फाइल एक्झीमध्ये गेलीच नाही. कधी तो तर्क बरोबर असतो, पण तितक्याच वेळा फाइल व्यवस्थित आत गेलेली असते आणि प्रोग्रॅम तिला भलत्याच ठिकाणी शोधत असतो. फाइल आत घालणे आणि आत घातलेली फाइल शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाली की माणूस एकाच जागी दिवसभर अडकतो, म्हणून या लेखात ती दोन्ही वेगवेगळी घेतली आहेत. कोडमधील नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली असून, जिथे नुसत्या उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे अक्षरे फोडून दिली आहेत.

आधी तीन जागा ओळखाव्यात

चालू प्रोग्रॅमच्या दृष्टीने फाइल शोधण्याच्या जागा तीन असतात. विकासाच्या काळात आपल्या संगणकावर त्या तिन्ही बहुधा एकाच फोल्डरवर येऊन पडतात आणि म्हणूनच त्यांच्यातला फरक कळत नाही.

पहिली जागा म्हणजे चालू निर्देशिका, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना वापरकर्ता जिथे ‘उभा’ होता ते फोल्डर. कोडमध्ये ‘ॲसेट्स/लोगो.पीएनजी’ असा अर्धवट मार्ग लिहिला की तो याच जागेपासून मोजला जातो. ही जागा प्रोग्रॅमच्या हातात नसते. विंडोजवर एक्झीवर डबल क्लिक केले तर ती बहुधा एक्झीचेच फोल्डर असते. शॉर्टकटवरून सुरू केले तर शॉर्टकटच्या ‘स्टार्ट इन’ या रकान्यात जे लिहिले असेल ते लागू होते. टास्क शेड्यूलरमधून तो रकाना न भरता सुरू केले तर ती विंडोजचे सिस्टम३२ फोल्डर असू शकते. मॅकवर फाइंडरमधून ॲप उघडले तर चालू निर्देशिका थेट डिस्कचे मूळ असते. टर्मिनलमधून सुरू करणारा माणूस तर कुठल्याही फोल्डरमध्ये उभा असू शकतो. जो मार्ग या जागेवर विसंबतो, तो आपल्याकडे चालतो आणि दुसऱ्याकडे मोडतो.

दुसरी जागा म्हणजे एक्झी स्वतः ज्या फोल्डरमध्ये ठेवली आहे ते फोल्डर. बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘सिस.एक्झिक्युटेबल’ हे मूल्य एक्झीचा पूर्ण मार्ग देते, त्यामुळे तिचे फोल्डर मिळवणे सोपे आहे. येथे एक खाच लक्षात ठेवावी लागते. न बांधलेली स्क्रिप्ट चालवताना हेच मूल्य पायथॉनच्या इंटरप्रिटरचा मार्ग देते, आपल्या स्क्रिप्टचा नाही.

तिसरी जागा म्हणजे गठ्ठ्याची जागा, जिथे एक्झीसोबत बांधलेल्या फाइली प्रत्यक्ष चालताना ठेवलेल्या असतात. ही जागा बहुतेकांना माहीत नसते आणि सगळा घोळ होतो तो हिच्यामुळेच.

तेव्हा एखाद्या फाइलचा मार्ग लिहिण्यापूर्वी ती फाइल कोणाची आहे हे मी ठरवतो. लोगो, फॉन्ट, साचे आणि भाषांतराच्या फाइली प्रोग्रॅमच्या मालकीच्या असतात. त्या कोणी बदलायच्या नसतात, म्हणून त्यांचे घर गठ्ठ्यात. वापरकर्त्याने हाताने बदलावी अशी सेटिंग्जची फाइल एक्झीच्या शेजारी शोभते. वापरकर्ता ज्यावर काम करतो, म्हणजे जी फाइल तो मार्ग देऊन उघडायला सांगतो, ती चालू निर्देशिकेपासून मोजणे योग्य असते. प्रोग्रॅम स्वतः जे लिहून ठेवतो त्याला या तिन्हींपैकी एकही जागा योग्य नसते. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

एक्झी उघडल्यावर नेमके काय घडते

पायइन्स्टॉलर दोन प्रकारे बांधणी करतो. ‘वनडिर’ या प्रकारात एक फोल्डर तयार होते, त्यात एक्झी असते आणि तिला लागणाऱ्या सगळ्या फाइली सोबत असतात. ‘वनफाइल’ या प्रकारात हे सगळे एकाच एक्झीच्या पोटात भरले जाते.

वनफाइल एक्झी सुरू झाली की आपला पायथॉन कोड लगेच चालू होत नाही. आधी बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. तो संगणकाच्या तात्पुरत्या फाइलींच्या जागेत एक नवे फोल्डर तयार करतो. त्या फोल्डरच्या नावाची सुरुवात अंडरस्कोर आणि एम, ई, आय या तीन मोठ्या अक्षरांनी होते. एक्झीच्या पोटातल्या लायब्ररी आणि आपल्या फाइली तो तिथे उतरवतो आणि मगच आपल्या स्क्रिप्टला हाक देतो. प्रोग्रॅम नीट बंद झाला की ते फोल्डर पुसले जाते. प्रत्येक वेळी नवे फोल्डर, आणि प्रोग्रॅमच्या दोन प्रती एकाच वेळी चालू असतील तर दोघींची फोल्डरे वेगळी. वनफाइल प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो तो मुख्यतः या उतरवण्यामुळेच.

हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहावे असे मी आवर्जून सुचवतो. प्रोग्रॅम चालू ठेवून विंडोजवर टेम्प फोल्डर उघडावे आणि वर सांगितलेल्या तीन अक्षरांनी सुरू होणारे फोल्डर शोधावे. त्यात पायथॉनची डीएलएल आणि काही पीवायडी फाइली, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या संकलित लायब्ररी, दिसतील आणि फाइली नीट घातल्या असतील तर आपले ‘ॲसेट्स’ फोल्डरही दिसेल. प्रोग्रॅम बंद करताच ते सगळे नाहीसे होते. हे पाहिल्यावर बाकीचे निम्मे स्पष्टीकरण लागतच नाही.

या फोल्डरचा पूर्ण मार्ग बूटलोडर आपल्या कोडला ‘सिस’ मॉड्यूलवरच्या एका मूल्यातून कळवतो. त्या मूल्याचे नाव अंडरस्कोरने सुरू होते आणि पुढे एम, ई, आय, पी, ए, एस, एस ही सात मोठी अक्षरे येतात. यापुढे त्याला ‘मेइपास’ म्हणू. त्याच्या जोडीने ‘सिस.फ्रोजन’ हे मूल्य खरे म्हणून ठेवले जाते. साध्या पायथॉनमध्ये ही दोन्ही मूल्ये नसतातच, त्यामुळे त्यांना थेट हात लावला तर ॲट्रिब्यूट नसल्याची त्रुटी येते.

वनडिरमध्ये उतरवण्याचा प्रश्न येत नाही, तरी मेइपास तिथेही असते. पायइन्स्टॉलर ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, वनडिर बांधणीत एक्झी वगळता बाकी सगळ्या फाइली ‘इंटर्नल’ नावाच्या उपफोल्डरमध्ये जातात आणि त्या नावाच्या आधी एक अंडरस्कोर असतो. मेइपास त्याच उपफोल्डरकडे बोट दाखवते. त्याआधीच्या आवृत्त्यांत सगळे एक्झीच्या शेजारीच पडत असे. जुन्या लेखांतला ‘एक्झीचे फोल्डर घ्या आणि त्याला ॲसेट्स जोडा’ हा सल्ला त्या काळी वनडिरसाठी खपून जाई. आज त्याच सल्ल्याने बांधलेला प्रोग्रॅम आवृत्ती बदलताच मोडतो. मेइपास विचारणाऱ्या कोडला मात्र या बदलाची झळ लागली नाही. मॅकच्या ॲप बांधणीतही तोच अनुभव येतो. तिथे एक्झी ‘कंटेंट्स’मधल्या ‘मॅकओएस’ फोल्डरमध्ये असते आणि ६.० पासून मेइपास ‘फ्रेमवर्क्स’ फोल्डर दाखवते. हा तपशील आपण पाठ करण्याची गरज नाही, कारण तो सांभाळणे हे मेइपासचे काम आहे.

पायरी १ : फाइल गठ्ठ्यात घालणे

पायइन्स्टॉलर आपला कोड वाचतो तेव्हा तो इम्पोर्टची विधाने पाहतो आणि त्यांवरून कोणती मॉड्यूले लागतील हे ठरवतो. ‘ओपन’ या फंक्शनला दिलेली अक्षरमाला ही एखाद्या फाइलचे नाव आहे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे डेटा फाइली त्याला वेगळ्या सांगाव्या लागतात. आज्ञा देताना ‘--ॲड-डेटा’ हा पर्याय लिहून त्यापुढे दोन गोष्टी द्यायच्या असतात: फाइल आत्ता कुठे आहे आणि गठ्ठ्यात ती कोणत्या फोल्डरमध्ये जावी. दोन्हींच्या मध्ये विभाजक येतो. पूर्वी तो विंडोजवर अर्धविराम आणि इतरत्र अपूर्णविराम असे. ६.० पासून अपूर्णविराम सगळीकडे चालतो, त्यामुळे एकच आज्ञा सर्व प्रणालींवर वापरता येते.

सर्वात जास्त चुका दुसऱ्या भागात होतात. तो भाग म्हणजे फोल्डरचे नाव आहे, फाइलचे नाही. कोणी ‘ॲसेट्स/लोगो.पीएनजी:ॲसेट्स/लोगो.पीएनजी’ असे लिहिले, तर गठ्ठ्यात ‘लोगो.पीएनजी’ नावाचे एक फोल्डर तयार होते आणि त्याच्या आत लोगोची फाइल पडते. प्रोग्रॅम त्या मार्गावर जातो, तिथे त्याला फोल्डर मिळते आणि विंडोजवर परवानगी नाकारल्याची त्रुटी येते. मग माणूस परवानग्या तपासत बसतो. योग्य रूप ‘ॲसेट्स/लोगो.पीएनजी:ॲसेट्स’ असे आहे. फाइल गठ्ठ्याच्या मुळाशीच हवी असेल तर दुसऱ्या भागात नुसता एक टिंब द्यावा. अख्खे फोल्डर घालायचे असेल तर ‘ॲसेट्स:ॲसेट्स’ पुरते, आतली उपफोल्डरेही सोबत येतात. रिकामी फोल्डरे मात्र येत नाहीत. गठ्ठ्यात फक्त फाइली गोळा होतात, म्हणून रिकाम्या फोल्डरवर विसंबणारा कोड असेल तर ते फोल्डर चालताना तयार करावे.

फाइली चार-पाचपेक्षा जास्त झाल्या की लांबलचक आज्ञेऐवजी स्पेक फाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, वापरणे शहाणपणाचे. पायइन्स्टॉलर पहिल्यांदा चालवला की तो ती तयार करतोच. तिच्यात ‘ॲनालिसिस’च्या कंसात ‘डेटाज’ नावाची यादी असते. तिच्यात प्रत्येक फाइलसाठी स्रोत आणि गठ्ठ्यातले फोल्डर अशी जोडी लिहावी. स्रोताचा अर्धवट मार्ग स्पेक फाइलच्या जागेपासून मोजला जातो. यानंतर बांधणी करताना आज्ञेत स्पेक फाइलचेच नाव द्यावे. सवयीने पुन्हा स्क्रिप्टचे नाव दिले तर नवी स्पेक फाइल जुनीवर लिहिली जाते आणि हाताने भरलेली यादी जाते. स्पेक फाइल हा प्रकल्पाचा भाग समजून ती गिटमध्ये ठेवावी.

कधी हवी असलेली फाइल आपली नसते, आपण वापरत असलेल्या एखाद्या पॅकेजची असते. पुष्कळ प्रसिद्ध पॅकेजांसाठी पायइन्स्टॉलरकडे तयार हुक, म्हणजे त्या पॅकेजला काय लागते हे सांगणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट, असतात आणि त्या फाइली आपोआप येतात. आल्या नाहीत तर ‘--कलेक्ट-डेटा’ या पर्यायापुढे त्या पॅकेजचे नाव द्यावे. पॅकेजे जिथे बसवली जातात त्या साइट-पॅकेजेस फोल्डरमधला लांब मार्ग हाताने लिहू नये, कारण तो दुसऱ्या संगणकावर वेगळा असतो.

पायरी २ : मार्ग काढणारे एकच फंक्शन

आता कोडकडे वळू. संपूर्ण प्रोग्रॅममध्ये गठ्ठ्यातल्या फाइलीचा मार्ग काढण्याचे काम एकाच फंक्शनने करावे, आणि इतर कोणत्याही ठिकाणी फाइलींचे मार्ग जोडू नयेत. त्याला ‘रिसोर्स_पाथ’ असे नाव देऊ. त्याचे काम चार टप्प्यांत लिहिता येते.

प्रथम ते ‘सिस’वर फ्रोजन हे मूल्य आहे का आणि ते खरे आहे का, हे ‘गेटॲटर’ने विचारते. विचारताना ‘नसेल तर असत्य’ असे पर्यायी मूल्य देते. त्याच ओळीत मेइपास आहे का हे ‘हॅझॲटर’ने तपासते. दोन्ही तपासायचे, कारण फ्रोजनची खूण बांधणीची इतर साधनेही लावतात, पण मेइपास हे पायइन्स्टॉलरचे खास चिन्ह आहे. दोन्ही असतील तर मेइपास हा पाया धरायचा. नसतील तर ज्या फाइलीत हे फंक्शन लिहिले आहे तिच्या ‘डंडर फाइल’ या मूल्यापासून, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या आणि त्या कोडच्या फाइलचा मार्ग सांगणाऱ्या ‘फाइल’ या नावापासून, ‘पाथ’ तयार करायचा, त्यावर ‘रिझॉल्व्ह’ चालवायचे आणि ‘पॅरेंट’ घ्यायचा. तो पाया झाला. तिसऱ्या टप्प्यात मागितलेला अर्धवट मार्ग या पायाला जोडायचा.

चौथा टप्पा बहुतेक ठिकाणी सापडत नाही, पण माझ्या मते तो सर्वात मोलाचा आहे. मार्ग परत देण्यापूर्वी तिथे खरोखर काही आहे का हे पाहावे आणि नसेल तर त्रुटी उभी करावी. त्या त्रुटीच्या मजकुरात शोधलेला पूर्ण मार्ग, पाया कोणता धरला आणि चालू निर्देशिका कोणती होती, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. दूरच्या वापरकर्त्याने पाठवलेल्या एका स्क्रीनशॉटवरून दोष कळतो तो या मजकुरामुळे. नुसते ‘लोगो सापडला नाही’ एवढेच दिसले तर चार दिवस पत्रव्यवहारात जातात.

हे फंक्शन प्रकल्पाच्या मुळाशी असलेल्या फाइलीत लिहावे. ते ‘युटिल्स’ सारख्या उपफोल्डरमध्ये हलवले, तर न बांधलेल्या स्थितीत ‘पॅरेंट’ म्हणजे ते उपफोल्डर होते, पण मेइपास मात्र गठ्ठ्याचे मूळच राहते. मग बांधलेला प्रोग्रॅम चालतो आणि विकासातला मोडतो, किंवा उलट. हलवायचेच असेल तर जितक्या पायऱ्या खाली नेले तितके ‘पॅरेंट’ वाढवावेत.

नुसत्या डंडर फाइलवर भागते का

बऱ्याचदा भागते. पायइन्स्टॉलर गठ्ठ्यातल्या प्रत्येक मॉड्यूलची डंडर फाइल गठ्ठ्याच्या आतला पूर्ण मार्ग म्हणून ठरवतो. मुख्य स्क्रिप्टसाठीही आवृत्ती ४.३ पासून पूर्ण मार्ग मिळतो, त्यापूर्वी नुसते फाइलचे नाव मिळत असे. तेव्हा प्रकल्पातली फोल्डरांची रचना आणि गठ्ठ्यातली रचना सारखी ठेवली, तर ‘या मॉड्यूलच्या शेजारचे ॲसेट्स’ एवढे सांगणे दोन्ही स्थितींत चालते आणि फ्रोजन तपासण्याची गरज उरत नाही. नव्या प्रकल्पात मी हीच पद्धत आधी वापरून पाहतो.

तिच्यात एक सूक्ष्म अडचण आहे आणि ती प्रणालीप्रमाणे बदलते. मॉड्यूलची डंडर फाइल ‘मेइपास/पॅकेज/मॉड्यूल.पीवायसी’ अशा रूपात येते, पण ती फाइल डिस्कवर नसते, कारण सामान्यतः पायथॉनचा संकलित कोड एक्झीला जोडलेल्या संग्रहातच राहतो. ‘पॅकेज’ नावाचे फोल्डरही डिस्कवर तेव्हाच असते, जेव्हा आपण त्यात एखादी डेटा फाइल घातलेली असते. आता कोणी अक्षरमाला जोडून ‘पॅकेज/../ॲसेट्स/लोगो.पीएनजी’ असा मार्ग बनवला तर काय होईल? विंडोज दोन टिंबांचा हिशेब मार्गाच्या मजकुरावरच करून टाकते, म्हणून फाइल उघडते. लिनक्स आणि मॅक मात्र मार्गातल्या प्रत्येक फोल्डरमध्ये खरोखर शिरून पाहतात. ‘पॅकेज’ नसल्यामुळे ते तिथेच थांबतात आणि फाइल सापडत नाही असे सांगतात. कोड तोच, रचना तीच, आणि तरी एका प्रणालीवर चालणारा प्रोग्रॅम दुसरीवर बंद पडतो. यावर उपाय असा की दोन टिंब वापरू नयेत; ‘पाथलिब’च्या ‘पॅरेंट.पॅरेंट’ने वर जावे. त्याच कारणाने ‘ही डंडर फाइल अस्तित्वात आहे का’ अशी तपासणी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये निरर्थक ठरते.

आपला कोड रीतसर पॅकेजच्या स्वरूपात असेल तर पायथॉनच्या स्वतःच्या ग्रंथालयातले ‘इम्पोर्टलिब.रिसोर्सेस’ हा तिसरा आणि सर्वात नेटका मार्ग आहे. ३.९ या आवृत्तीपासून त्यात ‘फाइल्स’ हे फंक्शन आहे. त्याला पॅकेजचे नाव द्यायचे, तिरप्या रेषेने फाइलचे नाव जोडायचे आणि मजकूर वाचायचा. डिस्कवरचा खरा मार्गच हवा असेल, म्हणजे एखाद्या फॉन्ट लायब्ररीला फाइलचे नावच द्यावे लागत असेल, तर ‘ॲज_फाइल’ हे फंक्शन ‘विथ’सोबत वापरावे. त्या खंडातून बाहेर पडल्यावर मिळालेला मार्ग वापरू नये, कारण तो टिकेल याची हमी नसते. पायइन्स्टॉलर हे सर्व समजतो. फाइली मात्र येथेही ‘डेटाज’मधून घालाव्याच लागतात, वाचण्याची पद्धत बदलली म्हणून त्या आपोआप आत येत नाहीत.

पायरी ३ : प्रोग्रॅम जे लिहितो ते गठ्ठ्याबाहेर

या भागाविषयी मी अधिक पोटतिडकीने लिहितो, कारण येथे नुकसान दुसऱ्याचे होते. काही वर्षांपूर्वी नोंदी ठेवण्याचा एक छोटा प्रोग्रॅम मी एका ओळखीच्या व्यक्तीला वनफाइल एक्झी करून दिला होता. त्याचा एसक्यूलाइट डेटाबेस मी रिकामा तयार करून इतर फाइलींसोबत गठ्ठ्यात घातला होता, आणि तो उघडण्यासाठी वरचेच ‘रिसोर्स_पाथ’ वापरले होते. प्रोग्रॅम उघडला, नोंदी झाल्या, यादीत दिसल्या, शोधल्यावर सापडल्या. संध्याकाळी प्रोग्रॅम बंद केला. दुसऱ्या दिवशी यादी रिकामी होती. कुठेही त्रुटी आली नव्हती, कारण त्रुटी यावी असे काही घडलेच नव्हते. डेटाबेस तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरला होता, त्यात दिवसभर प्रामाणिकपणे लिहिले गेले होते आणि बंद होताना बूटलोडरने नियमाप्रमाणे ते फोल्डर पुसले होते. एका माणसाचे दिवसभराचे काम गेले. ते परत आणण्याचा काही उपाय माझ्याकडे नव्हता.

म्हणून गठ्ठा फक्त वाचण्यासाठी आहे असे मानावे. वनडिरमध्ये लिहिलेले पुसले जात नाही, पण प्रोग्रॅम विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमध्ये बसवला असेल तर साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची परवानगी नसते, आणि मॅकवर ॲपच्या आत लिहिले तर त्याची डिजिटल सही अवैध ठरू शकते. लिहिण्यासाठी प्रत्येक प्रणालीने वापरकर्त्याला स्वतःची जागा दिलेली असते. विंडोजवर ती ‘ॲपडेटा’ किंवा ‘लोकलॲपडेटा’ या पर्यावरण चलातून मिळते, मॅकवर वापरकर्त्याच्या ‘लायब्ररी’मधले ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ फोल्डर असते, आणि लिनक्सवर ‘एक्सडीजी_डेटा_होम’ हे चल नेमलेले असेल तर ते, नसेल तर घरच्या फोल्डरमधले ‘.लोकल/शेअर’. या तिन्हींचा हिशेब ‘प्लॅटफॉर्मडिर्स’ हे पॅकेज करून देते आणि तेच वापरावे.

रिकामा डेटाबेस किंवा मूळ सेटिंग्ज सोबत द्यायच्याच असतील, तर त्या गठ्ठ्यात नमुना म्हणून ठेवाव्यात. प्रोग्रॅम सुरू होताना वापरकर्त्याच्या जागेत फाइल आहे का हे पाहावे. नसेल तर आधी तिथले फोल्डर तयार करून नमुन्याची प्रत तिथे करावी. असेल तर तिला हात लावू नये. त्यानंतर सगळे काम त्या प्रतीवरच चालावे. कोडमध्ये यासाठी ‘रिसोर्स_पाथ’पेक्षा वेगळे, ‘युझर_पाथ’ असे दुसरे फंक्शन असावे, म्हणजे ओळ वाचतानाच कळते की ही फाइल वाचायची आहे की लिहायची.

तात्पुरत्या फोल्डरचे आणखी दोन परिणाम ध्यानात ठेवावेत. गठ्ठ्यातली मदतीची एचटीएमएल फाइल ब्राउझरमध्ये उघडून दिली आणि वापरकर्त्याने प्रोग्रॅम बंद केला, तर पुढच्या दुव्यावर क्लिक करताच पान सापडत नाही. अशा फाइली आधी वापरकर्त्याच्या जागेत उतरवून मग उघडाव्यात. दुसरा परिणाम आठवडेच्या आठवडे चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमवर होतो. लिनक्सच्या अनेक व्यवस्थांत तात्पुरत्या जागेतल्या, बरेच दिवस न हाताळलेल्या फाइली आपोआप साफ केल्या जातात आणि चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची फाइल नाहीशी होऊ शकते. सतत चालणाऱ्या कामासाठी वनडिर निवडावे.

एक्झीच्या शेजारची फाइल

वापरकर्त्याने नोटपॅडमध्ये उघडून बदलावी अशी सेटिंग्जची फाइल असेल तर ती गठ्ठ्यात घालू नये, एक्झीसोबत वेगळी द्यावी. तिचा मार्ग बांधलेल्या स्थितीत ‘सिस.एक्झिक्युटेबल’च्या फोल्डरपासून आणि न बांधलेल्या स्थितीत डंडर फाइलपासून काढावा. मॅकवर ही पद्धत टाळलेली बरी: इंटरनेटवरून उतरवलेले ॲप पहिल्यांदा उघडताना प्रणाली ते एखाद्या यादृच्छिक, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवू शकते, आणि तिथे त्याच्या शेजारी आपली फाइल नसते.

पायरी ४ : तपासणी

बांधणी झाली की पायइन्स्टॉलर तयार एक्झी ठेवतो त्या ‘डिस्ट’ फोल्डरमध्येच तिच्यावर डबल क्लिक करून ‘चालते’ असे म्हणणे ही तपासणी नव्हे. त्या संगणकावर मूळ प्रकल्प आहे, पायथॉन आहे, आणि कोडमध्ये राहून गेलेला एखादा पूर्ण मार्ग तिथे बिनबोभाट चालतो. माझा क्रम असा असतो. पहिली बांधणी नेहमी वनडिर करतो आणि फोल्डर उघडून हवी ती फाइल हव्या त्या जागी आहे का हे डोळ्यांनी पाहतो. वनफाइल बांधणीत हे दिसत नाही, पण पायइन्स्टॉलरसोबत येणारे ‘पीवायआय-आर्काइव्ह_व्ह्यूअर’ हे साधन एक्झीच्या पोटातली यादी दाखवते. फाइल यादीत नसेल तर दोष पहिल्या पायरीत आहे आणि कोडकडे पाहण्याचे कारण नाही. फाइल यादीत असेल तर दोष मार्गाचा आहे आणि स्पेककडे पाहण्याचे कारण नाही.

मग टर्मिनल उघडून भलत्याच फोल्डरमध्ये जातो आणि तिथून पूर्ण मार्ग देऊन एक्झी चालवतो. यानंतर मूळ प्रकल्पाच्या फोल्डरचे नाव बदलून ठेवतो आणि पुन्हा चालवतो. कुठे पूर्ण मार्ग राहिला असेल तर तो याच वेळी उघडा पडतो. शेवटी नावात मोकळी जागा असलेल्या फोल्डरमध्ये एक्झी ठेवून पाहतो. हे सर्व कन्सोलसह केलेल्या बांधणीवर करावे. ‘--विंडोड’ पर्याय दिल्यावर कन्सोल नसतो, विंडोजवर ‘सिस.एसटीडीआउट’ हे मूल्य ‘नन’ होते आणि प्रिंटने लिहिलेले काही दिसत नाही. खिडकीची बांधणी सगळे चालल्यावर शेवटी करावी.

लिनक्सवर फाइलच्या नावातले लहान-मोठे अक्षर वेगळे धरले जाते, म्हणून विंडोजवर चालणारे ‘Logo’ आणि ‘logo’ यांसारखे फरक तिथे घात करतात. पायइन्स्टॉलर एका प्रणालीवर दुसरीसाठी बांधणी करत नाही, त्यामुळे ज्या प्रणालींवर प्रोग्रॅम द्यायचा आहे त्या प्रत्येकीवर बांधणी आणि ही तपासणी वेगळी करावी लागते.

दोन गैरसमज येथेच दूर करून ठेवतो. ‘--आयकॉन’ हा पर्याय फक्त एक्झीच्या फाइलला चित्र लावतो; प्रोग्रॅमच्या खिडकीच्या कोपऱ्यातले चित्र हवे असेल तर तीच फाइल डेटा म्हणूनही घालावी लागते आणि ‘रिसोर्स_पाथ’ने वाचावी लागते. आणि गठ्ठा म्हणजे तिजोरी नव्हे. प्रोग्रॅम चालू असताना तात्पुरते फोल्डर उघडणाऱ्या कोणालाही त्यातल्या सगळ्या फाइली दिसतात, त्यामुळे पासवर्ड किंवा एपीआयची गुप्त किल्ली त्यात कधीही घालू नये.